दौलतच्या नावाची हजेरी

दगडू पालवला मी बारा वर्षं दौलत म्हणून हाक मारली आणि तो बारा वर्षं ओ देत राहिला. मिलच्या हजेरीपुस्तकात तो दौलत, आमच्या युनियनच्या वहीत दौलत, जाईबाईच्या खानावळीत जेवणाऱ्यांच्या यादीत दौलत. तो मुळात दगडू आहे हे लालबागमध्ये फक्त त्याच्या गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकणाऱ्या अठरा जणांना ठाऊक होतं, आणि त्यांना फासावर चढवलं असतं तरी ते बोलले नसते. गिरणगावात असले प्रश्न कुणी विचारत नसे. विचारणारा एक तर नवखा असायचा, नाही तर मॅनेजमेंटचा माणूस.

मी तेव्हा युनियनच्या ऑफिसात लिखापढी करायचो. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. इंग्रजी बऱ्यापैकी यायचं म्हणून सगळी पत्रं माझ्याकडे, आणि पत्रं माझ्याकडे म्हणून शहाणपणही माझ्याकडे, असा माझा समज होता. पुढे जे झालं त्यात या शहाणपणाचा हात मोठा आहे, ते आधीच कबूल करून टाकतो.

खरा दौलत म्हणजे दगडूचा थोरला भाऊ. तो आधी मुंबईत आला, साच्यांवर, म्हणजे मागांवर, कायम झाला, आणि छातीत कापूस जाऊन जाऊन खोकला जडवून बसला. डॉक्टरने गावची हवा सांगितली. खात्यात माणसं भरणारा जॉबर म्हणाला, "जागा मोकळी ठेवलीस की गेली. भावाला पाठव, तोंडवळा एकच आहे." देवगडच्या खाली खाडीच्या तोंडावर त्यांचं गाव. तिथून वीस वर्षांचा दगडू बोटीने आला आणि दौलतचा बिल्ला खिशात घालून दौलतच्या साच्यांवर उभा राहिला. दोन महिन्यांचीच गोष्ट होती. पण दौलतचा खोकला काही गेला नाही, तो गावीच चार माड आणि जमिनीचा तुकडा बघत राहिला, आणि इकडे दगडूचं दौलतपण अंगवळणी पडलं. लग्न मात्र त्याने केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, "पत्रिकेत नाव काय छापू?" गाववाले हसायचे. आम्हाला त्यातली गोम कळायची नाही, तरी आम्हीही हसायचो.

माणूस भलताच भित्रा. मिलचा पास उशाखाली ठेवून झोपायचा. छप्पन सालच्या जानेवारीत लालबागला गोळ्या चालल्या तेव्हा आम्ही सगळेच पळालो, पण हा पळाला तो पार शिवडीपर्यंत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात यायचा, घोषणा जोरात द्यायचा, पण चालायचा बरोबर मधोमध. सत्याग्रहाच्या तुकड्या निघाल्या, खात्यातली निम्मी पोरं तुरुंग बघून आली, त्यांचे हारतुरे झाले. दगडू एकदाही गेला नाही. तुरुंगाच्या वहीत नाव लिहितात आणि खाली सही घेतात, हे त्याच्या भीतीचं कारण मला नंतर कळलं. तेव्हा मी त्याला चारचौघांत भागूबाई म्हणालो होतो. तो कानकोंडा होऊन चहा पीत राहिला.

आमचे टाइमकीपर कमलाकांत यांच्याविषयी इथेच सांगायला हवं. गिरगावातल्या जुन्या पांढरपेशा घरातला माणूस. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि आवाज असा की शंभर माणसांत कुजबुजला तरी शंभराव्याला ऐकू जावं. इतर मिलांत हजेरी बिल्ल्यांवर भागायची. आमच्या साचेखात्यात मात्र कमलाकांत रोज सकाळी यंत्रांचे पट्टे फिरायच्या आधी दारात उभे राहून नावं वाचायचे. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. उत्तर एकच, "हजर." "आहे" म्हटलेलं चालत नसे, "जी" म्हटलेलं चालत नसे. कुणी वेगळं काही बोललं की ते न रागावता तेच नाव पुन्हा वाचायचे, हजर येईपर्यंत. दगडूने बारा वर्षं रोज सकाळी "दौलत धोंडू पालव" ऐकलं आणि "हजर" म्हटलं. झोपेतही म्हटलं असतं.

अठ्ठावन्न साली दिवाळी उलटल्यावर कोकणच्या किनाऱ्यावर वादळ आलं. मुंबईत नुसतं आभाळ भरून आलं होतं, बाकी काही कळलं नाही. तिसऱ्या दिवसापासून तारा यायला लागल्या. गावकीच्या खोल्यांतून रडणं ऐकू यायचं. गिरणीतला कोकणी माणूस साच्यावर उभा असायचा, पण कान पोस्टमनच्या पायांकडे. आमच्या ऑफिसात रोज पन्नास माणसं, आणि प्रत्येकाचं एकच, गावची काही बातमी आहे का.

चौथ्या दिवशी दुपारी दगडू आला आणि आल्या आल्या त्याने ऑफिसचं दार लावून घेतलं. हातात तार. त्यावर नाव दगडू धोंडू पालव. मजकूर तीन शब्दांचा : दौलत गेला, ये.

"हा दौलत कोण?" मी विचारलं.

"माझो थोरलो भाऊस." त्याने मांडीवर हात घट्ट धरून ठेवले होते. "मी दगडू. रघुवीरभाऊ, आता काय करू?"

मग त्याने सगळं सांगितलं. गोठ्यातलं जनावर सोडायला दौलत वाऱ्यात बाहेर पडला आणि माड त्याच्या अंगावर आला. घराचं छप्पर गेलं. मागे वहिनी लक्ष्मी आणि दोन लहान मुलं. दगडूला गावी जायचं होतं. भावाची मुलं अजाण, म्हणजे क्रिया यालाच करायला हवी. पण रजेच्या अर्जावर लिहायचं काय? हजेरीपुस्तकातला दौलत पालव दौलत पालवच्या मृत्यूसाठी रजा मागणार होता.

मी क्षणभर विचार केला आणि तोडगा काढला. "लिही, धाकटा भाऊ दगडू वारला."

"म्हणजे मीच मेलंय?"

"कागदावर रे."

"एक भाऊ गेलो, तो पुरे," तो म्हणाला. मला अजून त्या तोडग्याची लाज वाटते.

तो गावी गेला नाही. त्याच सुमारास मिलमध्ये एका विणकराला दोनऐवजी चार साचे द्यायचं घाटत होतं, माणसं कमी करायला निमित्तच हवं होतं. परक्याच्या नावावर उभा असलेला माणूस सापडला असता तर त्याच दिवशी गेटबाहेर. मग भावाची विधवा आणि दोन पोरं कोण पोसणार? दगडूने वस्तरा लावून डोकंसुद्धा केलं नाही. कारण डोकं केलेला माणूस दिसला की कोण गेलं हे पहिलं विचारतात. रविवारी सकाळी एकटा वरळी कोळीवाड्यात गेला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तिळाचं पाणी सोडलं. बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईने विचारलं, कोणाचं रे? तर म्हणाला, गाववाल्याचं. सोमवारी सकाळी सुतकातला माणूस साच्यावर हजर. "दौलत धोंडू पालव." "हजर." हे तेरा दिवस चाललं. तेराव्या दिवशी, त्याच्या तोंडाची चवच गेलीय, असं जाईबाई मला म्हणाली. जेवतच नव्हता.

पुढल्या महिन्यात हॉलंडहून पत्र आलं. तिथल्या कापडगिरणी कामगारांच्या युनियनचं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका रात्रीत समुद्राचे बांध फुटले होते, गावंच्या गावं पाण्याखाली गेली होती, तेव्हा ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा देशांतल्या कामगारांनी त्यांना मदत धाडली होती. आता तुमच्याकडे वारा आला असं कळलं, पत्रात लिहिलं होतं, आणि तुमचे सभासद आमच्यासारखेच साच्यांवर उभे राहणारे आहेत. ब्लँकेटं बोटीने येतील, घरांवर घालायचे पत्रे तिथेच घेऊन देऊ, आणि आमच्या एक प्रतिनिधी स्वतः येतील. मी ते पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. एक म्हातारा विणकर म्हणाला, "त्यांका आमचा गाव कसा कळला?"

पत्रे मिळण्यासाठी एक फॉर्म होता. पडलेलं घर कुणाचं, त्या घरचा कोण माणूस मुंबईत कुठल्या मिलमध्ये आहे, त्याचं नातं काय. प्रत्येक फॉर्मवर टाइमकीपरची सही हवी, की हा माणूस आमच्या हजेरीत आहे. म्हणजे कमलाकांतांची. खरं लिहायचं तर घर कै. दौलतचं आणि मुंबईतला भाऊ दगडू. पण दगडू नावाचा कुणी माणूस मिलमध्ये नव्हताच.

इथे मी पुन्हा शहाणा झालो. फॉर्मवर घरमालकीण लिहिली लक्ष्मी दौलत पालव. मुंबईतला कामगार, दौलत धोंडू पालव. नातं, पती. आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचं नाव असतंच, कुणाला शंका येण्याचं कारण नाही. आणि मृतांची जी यादी सभेत वाचायची होती, तीही मीच करत होतो. त्यातून दौलतचं नाव गाळलं. बारा माणसं गेली होती, माझ्या यादीत अकरा.

दगडूने फॉर्म ऐकला आणि उठून उभाच राहिला. "वैनी माझी बायल?"

"अरे, कागदावर."

"माझा सगळा कागदावरच हा, रघुवीरभाऊ," तो म्हणाला. मग टोपी हातात फिरवत खाली बसला. "आणि भाऊस? तो खंय गेलो? यादीत पण नाय, हजेरीत जिवंत. त्याका कोणी रडूकच नाय."

"छप्पर हवंय की नाव हवंय?" मी चिडून म्हणालो. पावसाळ्याला पाच महिने होते. त्याने सही केली, दौलतची. बारा वर्षांच्या सरावाने ती सही भावाच्या सहीहून सुबक झाली होती.

फॉर्मवर कमलाकांतांनी काही न विचारता सही करून दिली. मला हायसं वाटलं. दगडूला नाही. त्या दिवसापासून तो रोज ऑफिसात डोकवायचा, काही कळलं का, कुणी काही बोललं का. साच्यावर धागा तुटला तरी त्याला कळायचं नाही. मी त्याला धीर द्यायचो आणि घरी जाऊन स्वतः जागा राहायचो.

जानेवारीत प्रतिनिधी आल्या. मिसेस व्हिसर. पन्नाशी उलटलेली, रुंद हाडाची बाई, स्वतः तीस वर्षं विणकरीण. आमच्या खात्यात आल्या तर सरळ साच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, बोटांनी धागा ओढून बघितला आणि मान हलवली. आमचे लोक खूश. पण त्यांनी एक गोष्ट मागितली : वादळात ज्यांची घरं गेली त्यांतली काही माणसं सभेला भेटावीत. युनियनने गावोगाव निरोप धाडले. आठ कुटुंबं आली, त्यांत लक्ष्मी. पोरांना शेजारी ठेवून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली. पांढरं कपाळ, मोकळे हात. फॉर्मवर हिचा नवरा साच्यावर उभा होता आणि फॉर्मवर सही करणारे कमलाकांत सभेला पहिल्या रांगेत बसणार होते.

लक्ष्मीला घेऊन आम्ही जाईबाईच्या खानावळीत बसलो. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. दगडू सांगणार नव्हता, तो दाराबाहेर पाठमोरा उभा. जाईबाई म्हणाली, "माझ्या जिभेवर ते येणार नाही, आणि तुमच्या आलं तर तुमची जीभ झडेल." तरी मी बोललो. एक दिवसापुरतं कुंकू लावा म्हणालो. त्या माउलीने माझ्याकडे रागाने बघितलं नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"लावतंय," ती म्हणाली. "पण कोणाच्या नावाचा, ता सांगा."

मी उठलो. सभेला तिने पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला आणि बायकांत मागे बसली. मी मनात म्हटलं, एवढं पुरे होईल.

सभा परळच्या मैदानावर, पहिली पाळी सुटल्यावर, चांगल्या उन्हात. मागच्या भिंतीवर मुंबईसह महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या. पोलिसांनी लाउडस्पीकरची परवानगी नाकारली होती, आणि मैदानाच्या कडेला दोन गाड्या उभ्या होत्या. तीन-चार हजार लोक जमले. दगडू नेहमीसारखा बरोबर मधोमध बसला होता, टोपी कानांपर्यंत ओढून. मी व्यासपीठावर, बाईंचं बोलणं मराठीत सांगायला.

त्या थोडंच बोलल्या. मग म्हणाल्या, आता जे गेले त्यांची नावं वाचूया. आमच्याकडे छप्पनपासून दर सभेत हुतात्म्यांची नावं वाचायची रीत पडली होती, लोक आपणहून उभे राहिले. मी खिशातून माझी यादी काढतो तोच बाईंनी स्वतःच्या पिशवीतून एक कागद काढला. त्यांनी मामलेदार कचेरीतून यादी मागवून घेतली होती. व्यवस्थित मराठीत लिहिलेली, शिक्का मारलेली. तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कमलाकांतसाहेबांना द्या! त्यांचा आवाज पोचतो!" दहा-वीस लोकांनी तेच लावून धरलं. कमलाकांत उठून वर आले, टोपी सारखी केली आणि माझ्या हातातून कागद घेतला. मी त्यावर फक्त एक नजर टाकू शकलो. बारा ओळी होत्या.

मला काही म्हणता आलं असतं, चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं. मी नुसता उभा राहिलो.

कमलाकांत वाचू लागले. त्यांना एकच पद्धत माहीत होती, तीच. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि मग उत्तरासाठी असतो तेवढा थांबा. पहिलं नाव. शांतता. दुसरं, तिसरं. बायकांत हुंदके. सहावं. मग त्यांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मला वाटतं ते क्षणभर अडखळले, पण वाचणारा माणूस वाचत जातो.

"दौलत धोंडू पालव."

"हजर."

मैदानाच्या मधोमधून आला तो आवाज. स्वच्छ, खणखणीत, रोज सकाळी सातला येतो तसा.

कुणी हसलं नाही. खात्यातले लोक सरळ समोर बघत होते, दगडूकडे एकानेही मान वळवली नाही. त्यांना सगळं कळलं होतं. तिथे उभे असलेले किती जण स्वतःच दुसऱ्या कुणाच्या नावाला रोज उत्तर देत असतील, देव जाणे. कमलाकांतांनी चष्म्यावरून बघितलं. दगडूने तोंडावर हात दाबून धरला होता.

बाईंनी माझी बाही ओढली. "तो माणूस काय म्हणाला?"

"तो म्हणाला," मी सांगितलं, "की तो इथे आहे."

"मेलेल्याच्या वतीने?"

"हो. त्याचा भाऊ आहे तो." दोन महिन्यांत मी बोललेलं पहिलं खरं वाक्य.

त्या माझ्या कानाशी वाकल्या. मग हळू म्हणाल्या, "आमच्या गावात चर्चमध्ये नावं वाचली होती. माझ्या आईचंही. कुणीच काही बोललं नाही. इतकी वाईट शांतता मी कधी ऐकली नव्हती. या लोकांना म्हणावं, असंच उत्तर द्या, थांबू नका."

मी ते मराठीत सांगितलंच नाही. सांगायची गरज पडली नाही. कमलाकांतांनी आठवं नाव वाचलं आणि बायकांतून जाईबाई कडाडली, "हजर!" त्या माणसाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. नववं नाव वाचलं तेव्हा पन्नास आवाज आले. बाराव्याला अख्खं मैदान. कडेच्या पोलिसांनी काठ्या सरसावल्या, त्यांना वाटलं घोषणा आहे. मिसेस व्हिसर शेवटच्या दोन नावांना आमच्याबरोबर ओरडल्या, त्यांच्या तोंडून तो "हाजार" असा आला.

दगडू वाचला, माझ्या मनात आलं. तीन हजारांच्या हजरमध्ये त्याचा एक हजर कुठे शोधणार? खाली उतरताना कमलाकांतांनी कागदाची घडी माझ्या हातात दिली. "उद्या मी नेहमीसारखी हजेरी घेणार आहे," ते म्हणाले. "पुस्तकात आहेत तीच नावं वाचणार. पालवांना सांगा." एवढंच. माझा जीव भांड्यात पडला.

दगडू मैदानाच्या भिंतीशी उकिडवा बसला होता. मी त्याला कमलाकांतांचा निरोप सांगितला. त्याने मान हलवली, पण ऐकलं की नाही कळेना. तेवढ्यात लक्ष्मी आली. पदर मागे सरकला होता, पांढरं कपाळ उघडं, आणि आता ते झाकायचं तिला भान नव्हतं.

"भावजीनू," ती म्हणाली, "तुमी हजर म्हणालात, आणि मी मागे वळान बगलंय. माका वाटला, ते इले."

तिचा रडवेला सूर नव्हता, तक्रारही नव्हती. झालं ते सांगितलं. दगडूने तोंड गुडघ्यांत घातलं आणि त्या वादळानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडला. मैदानावरून माणसं जात होती, कोण गेलं रे, असं विचारत होती, आणि तो सांगत होता, भाऊस, माझो भाऊस, दौलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निमित्त काढून साचेखात्याच्या दारात गेलो. सगळे रांगेत उभे होते. दगडू त्याच्या जागी होता, पण टोपी हातात होती. डोकं गुळगुळीत केलेलं, वस्तरा ताजा लागलेला. कमलाकांतांनी ते बघितलं. पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. नावामागून नाव, हजरमागून हजर.

"दौलत धोंडू पालव."

उत्तर नाही. दगडू खाली फरशीकडे बघत होता. मी मनात म्हणत होतो, म्हण लेका, एक शब्द आहे.

"दौलत धोंडू पालव."

शेजारच्याने त्याला कोपर मारलं. तो हलला नाही. ओठ घट्ट मिटलेले, मानेवरच्या शिरा ताठ. त्याच्याइतका घाबरलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. कमलाकांतांनी तिसऱ्यांदा नाव वाचलं, आणि हे वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग ते थांबले. लेखणी घेतली आणि पुस्तकात काहीतरी लिहिलं. दगडू रांगेतून बाहेर पडला, बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला, पाया पडल्यासारखा वाकला आणि गेटकडे चालू लागला.

त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर बघितलं. "मयत." पुढे तारीख, वादळाची. बारा वर्षांचा जाब कुणी विचारला नाही. विचारणारा तो एक शब्द बघून गप्प झाला असावा. लक्ष्मीचा फॉर्म मी नव्याने लिहिला, या वेळी काही डोकं न चालवता : घर कै. दौलतचं, मुंबईतला भाऊ दगडू; कमलाकांतांनी त्यावरही सही दिली. मिसेस व्हिसरनी हॉलंडला परत गेल्यावर पत्र धाडलं, हजर म्हणणाऱ्याच्या घराला पत्रे पोचले का? फाल्गुनात पोचले. वर चढून ते ठोकले गाववाल्यांनी. दगडू तोवर मुंबईत काम शोधत होता.

त्याची कायम जागा गेली ती गेली. चार महिने मिळेल ते काम केलं, हिंदमाताला कापडाचे गठ्ठे वाहिले. मग एक दिवस बदलीवाल्यांच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर उभं राहणाऱ्यांच्या, रांगेत नाव घालायला परत आला. बत्तीस वर्षांचा माणूस, बारा वर्षांचा पक्का विणकर, वीस-वीस वर्षांच्या पोरांच्या मागे गेटवर उभा. कार्डावर त्याचं नाव कमलाकांतांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी बोलत तिथेच होतो. दोन माणसांची जागा होती. कमलाकांत दारात आले, कार्डं चाळली आणि वाचलं, "दगडू धोंडू पालव."

दगडू मला लक्ष्मीच्या थोरल्याला शाळेत घातल्याचं सांगत होता. बोलत राहिला.

"दगडू धोंडू पालव."

मागच्या माणसाने त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "अरे, तुझं नाव घेतायत."

दगडूने आधी मागे बघितलं, कुणी आहे का म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी काढली, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. कमलाकांत कार्ड हातात धरून थांबले होते. त्यांना हजरशिवाय दुसरं काही चालत नसे.